मधल्या सुट्टीतली मैफल

युरोप-अमेरिकेतल्या पुष्कळ विद्यापीठांत एक साधी प्रथा आहे. आठवड्यातून एखाद्या दिवशी, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, संगीत विभागाच्या छोट्याशा सभागृहात तीन-चार वादक येऊन बसतात आणि पाऊण तास वाजवतात. तिकीट नसते, भाषणे नसतात, हारतुरे नसतात. रसायनशास्त्राचा विद्यार्थी डबा आटोपून येतो, कचेरीतला कारकून येतो, एखादा प्राध्यापक मागच्या रांगेत डोळे मिटून बसतो. दोन वाजता सगळे आपापल्या कामाला परत. आणखी एक गोष्ट तिथे नसते, आणि या लेखाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे: ध्वनिक्षेपक नसतो. तारेतून आणि लाकडातून जो आवाज निघतो, तोच थेट किंवा भिंतींवरून परतून श्रोत्यांच्या कानी पडतो.

या संगीताला 'चेंबर म्युझिक' म्हणतात. चेंबर म्हणजे खोली. देवळात किंवा रंगमंचावर नव्हे, तर खोलीत बसून वाजवायचे आणि खोलीत बसून ऐकायचे संगीत. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो हा चौघांचा संच त्यातला सर्वांत परिचित. अठराव्या शतकात हायडनने या संचासाठी भरपूर रचना केल्या आणि त्याला घडीव रूप दिले. वाद्यवृंदात एकच ओळ दहा-बारा व्हायोलिने मिळून वाजवतात. इथे प्रत्येकाची ओळ वेगळी आणि ती वाजवणारा एकटाच. एकजण चुकला तर लपायला जागा नाही.

दुपारच्या मैफलींचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मात्र विद्यापीठातले नाही. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा लंडनची नाट्यगृहे, संगीतगृहे बंद पडली. नॅशनल गॅलरीतली चित्रे बाँबच्या भीतीने शहराबाहेर हलवली गेली. मायरा हेस या पियानोवादिकेने त्या रिकाम्या दालनांत दुपारी मैफली भरवायची कल्पना मांडली. १० ऑक्टोबर १९३९ रोजी पहिली मैफल झाली, आणि पुढे एप्रिल १९४६ पर्यंत १,६९८ मैफली झाल्या. प्रवेश एका शिलिंगात. आपल्याकडे मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट हा चौघांचा संच काढला. पुढे जगभर गाजलेले संगीतसंचालक झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव.

पण खोलीतले संगीत ऐकायला आपल्याला मुंबईला जायची गरज नाही. दिवाणखान्यातली बैठक म्हणजे दुसरे काय? एक गवई, मागे दोन तंबोरे, एका अंगाला तबला, दुसऱ्या अंगाला पेटी किंवा सारंगी, आणि समोर सतरंजीवर चाळीस-पन्नास माणसे. माणसे मोजकी, खोली बेताची, आणि प्रत्येक वाद्य वेगळे ऐकू येणारे. फक्त सध्या बैठक असली तरी शेजारी ध्वनिक्षेपकाचे खोके असतेच. का, असे विचारले तर "मागे ऐकू जात नाही" हे उत्तर ठरलेले.

मागे खरोखरच ऐकू जात नाही का? हाच आपला प्रश्न आहे. आणि कर्जत-खालापूरच्या शिक्षकाने तो विचारायलाच हवा. कारण त्याच्या वर्गातही मागचे बाक असते.

आवाज किती थोडा असतो

माणूस साधे बोलतो तेव्हा त्याच्या तोंडातून बाहेर पडणारी ध्वनिशक्ती साधारण एका वॅटचा एक लाखावा भाग असते. २०११ च्या जनगणनेत कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांची मिळून लोकसंख्या चार लाखांच्या थोडी वर होती. ही सगळी माणसे, तान्ह्या मुलांसकट, एकाच वेळी बोलू लागली असे समजा. त्यांच्या बोलण्यातून निघणारी एकूण ध्वनिशक्ती चार वॅटच्या आसपास भरेल. एवढ्यावर रात्री लावायचा लहान दिवा कसाबसा पेटेल. तरीही आपण एकमेकांचे बोलणे ऐकतो, कारण कान हे अतिशय संवेदनशील यंत्र आहे.

तंबोऱ्याची नुसती तार हवेत ताणून छेडली तर जवळजवळ ऐकूच येत नाही. तार बारीक असते. ती हवेला ढकलत नाही, कापून जाते. तारेचे कंप घोडीवाटे खालच्या तबलीला मिळतात, तबली मोठी असते, ती पुष्कळ हवा हलवते, आणि मग आवाज होतो. प्रयोगशाळेतला नादकाटा वाजवून हातात धरा, मग त्याचे टोक बाकावर टेकवा, मग बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर. तिन्ही वेळा काट्याची ऊर्जा तेवढीच आहे. डब्यावर आवाज मोठा येतो, पण लवकर विझतो. मुलांना हे 'लवकर विझते' आधी सांगू नये, ते त्यांना सापडू द्यावे.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे वापरतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून 'जवारी' लावतात. तार रुंद, किंचित गोलसर घोडीला हलकेच घासून उठत राहते आणि मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारितेचे वरचे स्वर जागे होतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्याला असताना याचा अभ्यास करून १९२१ साली निबंध लिहिला. त्याआधी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी तबला-मृदंगासारख्या वाद्यांवर लिहिले होते. साधा ताणलेला पडदा वाजवला तर त्याच्या वरच्या कंपांचे मूळ कंपाशी सरळ गुणोत्तर नसते, म्हणून ढोलाचा आवाज 'धप्' असा येतो, सूर लागत नाही. तबल्याच्या मध्यभागी लोखंडाचा कीस आणि खळ यांच्या लेपाची शाई असते. तिच्या वजनामुळे हे वरचे कंप सरळ गुणोत्तरात येऊन बसतात, आणि चामड्यातून सूर निघतो. पखवाजाच्या डाव्या बाजूला ऐन वेळी ओली कणीक लावतात तीही वजनासाठीच. वजन वाढले की स्वर खाली उतरतो. गावच्या भजनी मंडळातला पखवाजी हे मुलांपुढे पाच मिनिटांत करून दाखवील, आणि आमच्या मते कोणत्याही तक्त्यापेक्षा ते चांगले.

खोली काय करते

समजा, शिक्षक झाडाखाली उभा राहून शिकवतो आहे. एक मीटरवरच्या मुलाला जेवढी ध्वनितीव्रता मिळते, तिच्या एकोणपन्नासावा भाग सात मीटरवरच्या मुलाला मिळतो, कारण अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात तीव्रता घटते. तोच शिक्षक वर्गात उभा राहिला की चित्र बदलते. त्याचा आवाज छतावर, बाजूच्या भिंतींवर, जमिनीवर आपटून परततो आणि मागच्या मुलाला थेट आवाजाबरोबर हे परतलेले आवाजही मिळतात.

नववीच्या पुस्तकात आपण शिकवतो की प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला भिंत किमान १७.२ मीटर दूर हवी, कारण मूळ आवाज आणि परतलेला आवाज यांत ०.१ सेकंदाचे अंतर हवे. मुले हे पाठ करतात आणि प्रतिध्वनी म्हणजे डोंगराची गंमत एवढेच त्यांच्या लक्षात राहते. पण या वाक्याची दुसरी बाजू अधिक उपयोगाची आहे. त्याहून लवकर परतलेल्या आवाजाचे काय होते? तो नाहीसा होत नाही. बोलण्याच्या बाबतीत साधारण ०.०५ सेकंदाच्या आत जे परत येते ते कान मूळ आवाजात मिसळून घेतो आणि आपल्याला एकच, पण अधिक ठसठशीत आवाज ऐकू येतो. ०.०५ सेकंदात आवाज १७ मीटर जातो. सात-साडेसात मीटर लांबीच्या वर्गात पहिले परावर्तन या मर्यादेच्या आतच येते. चार वादकांना किंवा एका गवयाला खोली पुरते ती यामुळे. खोली हा त्यांच्याबरोबर वाजणारा आणखी एक जण असतो.

मग हीच खोली कधी आवाज बिघडवते कशी? कारण आवाज एकदाच परतत नाही. तो पुनःपुन्हा आपटत राहतो आणि हळूहळू विझतो. या रेंगाळण्याला निनाद म्हणतात. आवाजाची तीव्रता दहा लाखांश होईपर्यंत जो वेळ लागतो तो त्या खोलीचा निनादकाळ. निनादकाळ चार सेकंद असला आणि शिक्षक सेकंदाला चार-पाच अक्षरे बोलत असला, तर प्रत्येक नवे अक्षर आधीच्या दहा-पंधरा अक्षरांच्या शेपट्यांत अडकते.

हा वेळ मोजायचा कसा, हे एका विद्यापीठाच्या खोलीमुळेच कळले. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत झाली. तिच्या व्याख्यानगृहात व्याख्याता बोलू लागला की काही समजेना. एक शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. दोष दूर करण्याचे काम पदार्थविज्ञानाचे तरुण अध्यापक वॉलेस सबाइन यांच्यावर आले. त्यांच्याजवळ ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचे यंत्र आणि स्वतःचे कान होते. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या ते रात्री मदतनिसांकडून उचलून आणवत, खोलीत एकेक करून मांडत, दर वेळी नळी वाजवून आवाज किती वेळात विझतो ते मोजत आणि सकाळी गाद्या जागच्या जागी परत पाठवत. रात्र निवडली ती शांततेसाठी. पुढे त्यांच्या लक्षात आले की आपल्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात. तेव्हा त्यांनी आधीची निरीक्षणे बाजूला ठेवली आणि त्यानंतर दर वेळी तेच कपडे घालून मोजमाप केले.

या खटाटोपातून निघालेले सूत्र आठवीच्या मुलालाही समजेल. निनादकाळ बरोबर ०.१६ गुणिले खोलीचे घनफळ, भागिले खोलीतले एकूण शोषण. शोषणाचे एकक सबाइन यांनी ठरवले ते फार सुंदर आहे: उघडी खिडकी. खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक एकक शोषण. बाकी सगळ्या वस्तू तिच्याशी तोलायच्या. गिलावा केलेल्या भिंतीचे, फरशीचे, काँक्रिटच्या छताचे शोषण दर चौरस मीटरला ०.०२ ते ०.०३ एवढेच. अंगावर कपडे असलेला मोठा माणूस सुमारे ०.४५ चौरस मीटर उघड्या खिडकीबरोबर. शाळकरी मूल ०.३ धरावे.

एक हिशेब करू. वर्ग साडेसात मीटर लांब, सहा मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच. घनफळ सुमारे १५८ घनमीटर. भिंती, छत आणि जमीन मिळून सुमारे १८५ चौरस मीटर. त्यांचे शोषण ०.०३ ने गुणून साडेपाच एकके. दारे-खिडक्या बंद, वर्ग रिकामा: निनादकाळ साडेचार सेकंदांच्या जवळ. (बाके, फळा, लाकडी दार यांमुळे प्रत्यक्षात थोडा कमी येईल.) आता चाळीस मुले आत आली, बारा एकके वाढली. तीन खिडक्या आणि दार उघडले, आणखी साडेसहा. एकूण चोवीस. निनादकाळ एका सेकंदावर आला. केलेला खर्च शून्य.

आता वापराकडे पाहू. लहान खोलीतल्या तंतुवाद्यांच्या संगीताला एक ते दीड सेकंदाचा निनाद मानवतो. त्यामुळे सुटे सुटे स्वर एकमेकांत गुंफतात. वर्गात शिकवायला मात्र ०.६ सेकंदाच्या आतबाहेर हवा असे आजचे ध्वनितज्ज्ञ मानतात. म्हणजे आपला मुलांनी भरलेला वर्ग मैफलीला जवळजवळ तयार आहे, आणि शिकवायला थोडा जास्तच घुमतो.

कोंडाण्याची खोली

दगडी खोलीचा अनुभव घ्यायचा असेल तर कर्जत तालुक्यातच कोंडाण्याची लेणी आहेत, राजमाचीच्या पायथ्याच्या रानात. तिथला चैत्य अंदाजे वीस मीटर खोल, आठ मीटर रुंद आणि आठ मीटरांहून उंच आहे. वर लाकडी बांधणीची नक्कल करणारे कमानदार छत, खांब बहुतेक खालून तुटलेले. 'कान्हाचा शिष्य बलक याने केले' अशा अर्थाचा प्राकृत लेख तिथे कोरलेला आहे.

अखंड दगड आवाज जवळजवळ शोषतच नाही. तेव्हा इतकी मोठी दगडी खोली विलक्षण घुमायला हवी. पण चैत्याचे तोंड उघडे आहे, म्हणजे सबाइनच्या भाषेत कित्येक चौरस मीटरांची कायम उघडी खिडकी. सहल नेलीत तर मुलांना आधी शाळेत भाकीत करायला सांगा: दगडामुळे जास्त घुमेल की उघड्या तोंडामुळे कमी? मग आत टोकाशी स्तूपाजवळ एक टाळी आणि दाराशी एक टाळी वाजवून पाहावी. फुगा फोडला तर आवाज दर वेळी सारखा होतो, पण आसपास आग्या मोहोळ नाही ना ते आधी पाहावे. आणि ऐन पावसात नेऊ नये; धबधब्याच्या आवाजात काहीही कळत नाही, शिवाय वाट घसरडी असते.

दुपारच

आपल्या परंपरेत रागांना वेळा आहेत, आणि गंमत अशी की आपल्या मैफली संध्याकाळी किंवा फार तर पहाटे होत असल्याने दुपारचे राग बिचारे मागे पडतात. यमन ऐकला नाही असा श्रोता नाही, पण शुद्ध सारंग, वृंदावनी सारंग, गौड सारंग समोर बसून किती जणांनी ऐकले असतील? मधल्या सुट्टीतली मैफल ही त्यांची हक्काची जागा आहे. मात्र या समयचक्रामागे भौतिकशास्त्राचा नियम आहे असे कोणी सांगू लागले तर शिक्षकाने पुरावा मागावा. ती परंपरा आहे, संकेत आहे, आणि तेवढे त्याला पुरेसे आहे.

दुपारचा भौतिकशास्त्राशी संबंध आहे तो वेगळ्या ठिकाणी. आवाजाचा वेग हवेच्या तापमानाबरोबर वाढतो, दर अंशाला सेकंदाला साधारण ०.६ मीटर. वीस अंशांना ३४३, पस्तीस अंशांना ३५२. बासरीचा स्वर तिच्या आतल्या हवेतल्या आवाजाच्या वेगावर ठरतो, म्हणून थंडीत सकाळी सातला लावलेली बासरी दुपारी चढते. अडीच टक्क्यांहून थोडी अधिक, हे हिशेबाने. फुंकरीने आतली हवा आधीच तापलेली असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. उलट धातूची तार उन्हाने प्रसरण पावते, तिचा ताण उतरतो आणि स्वर खाली येतो. एक चढते, एक उतरते, आणि मध्ये बसलेला पेटीवाला जागचा हलत नाही, म्हणून बाकीच्यांनाच त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. पावसाळ्यात चामडे ओल धरते आणि सैल पडते. ढोल शेकोटीवर शेकून घेतात ते ती ओल घालवण्यासाठी.

आणि पंखा! एप्रिलच्या दुपारी कर्जतला पंखा बंद करा म्हणणे हा जुलूम आहे. पण वर्गातल्या जुन्या पंख्याची घरघर तंबोऱ्याचे वरचे स्वर पार गिळून टाकते. आमचा सल्ला असा की मैफल डिसेंबर-जानेवारीत ठेवावी.

मागच्या बाकावरचे मूल

संगीतात एखादा स्वर निसटला तर गाणे चालू राहते. वर्गात तसे नाही. बोलण्यातली बहुतेक शक्ती स्वरांत असते: आ, ओ, ए. व्यंजने दुबळी आणि क्षणिक. क, प, त ही तर नुसत्या स्फोटासारखी येतात आणि जातात. अर्थ मात्र व्यंजनांवर ठरतो. 'कान', 'पान', 'तान', 'खान' यांत 'आन' सगळ्यांना ऐकू जाते. फरक आहे तो पहिल्या क्षणात, आणि तोच निनादात किंवा गोंगाटात बुडतो.

या दोन तालुक्यांत गोंगाटाला तोटा नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि अनेक शाळांवर पत्र्याचे छप्पर. पत्रा म्हणजे शाईविना ताणलेला पडदाच. प्रत्येक थेंब त्याला वाजवतो. जून ते सप्टेंबर हे शाळेचे ऐन महिने. लोहमार्गालगतच्या शाळांना घाटात ढकलायला लावलेल्या इंजिनांचा आवाज, खालापूरकडे दोन्ही महामार्गांची अखंड घरघर.

मोठ्या माणसाला अर्धा शब्द ऐकून उरलेला भरता येतो, कारण भाषा त्याच्या ओळखीची असते. 'भाकरी' मधले 'भा' बुडाले तरी संदर्भाने तो ओळखतो. पण कातकरी किंवा ठाकर वाडीवरून आलेल्या पहिलीतल्या मुलाची घरची बोली पुस्तकातल्या मराठीहून निराळी असते. न ऐकलेला भाग तो कशाने भरणार? परक्या भाषेत ऐकणाऱ्याला गोंगाट आणि निनाद अधिक बाधतात, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसले आहे; लहान मुलांनाही ते मोठ्यांपेक्षा अधिक बाधतात. या मुलात दोन्ही गोष्टी एकत्र आल्या. मग शेरा पडतो, 'लक्ष देत नाही'. आम्हांला वाटते की असा शेरा लिहिण्यापूर्वी शिक्षकाने एकदा त्याच बाकावर बसून दुसऱ्या शिक्षकाचा तास ऐकावा.

त्यासाठी एक सोपी चाचणी. एकाच ठशाचे वीस शब्द निवडा: कात, पात, खात, गात, माळ, काळ, टाळ, गाळ. पुढे उभे राहून, ओठ पुस्तकाने झाकून, नेहमीच्या आवाजात एकेक वाचा. मुलांनी ऐकू आले ते लिहावे. ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांनी चित्रावर बोट ठेवावे. बाकांच्या रांगांप्रमाणे चुका मोजा. मग खिडक्या बंद करून, उघडून, पंखा लावून, पाऊस असताना, नसताना पुन्हा करा. शब्दांचा क्रम दर वेळी बदलावा, नाहीतर मुले पाठ करतात.

उपाय महाग नाहीत. शिक्षकामागची भिंत आणि छताचा मधला भाग टणकच राहू द्यावा, कारण तिथून परतणारा आवाज लवकर पोचतो आणि मदत करतो. मऊ करायची ती मागची भिंत, आणि बाजूच्या भिंतींचे मागचे वरचे भाग. धुतलेली गोणपाटे दुपदरी शिवून भिंतीपासून चार बोटे पुढे टांगावीत. भिंतीला चिकटवली तर निम्मा गुण जातो. मुलांच्या जुन्या चादरीही चालतील. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लावायची कल्पना बरीच पसरली आहे, पण तो पुठ्ठा इतका पातळ असतो की त्याचा उपयोग फारच थोडा होतो. पत्र्याखाली काहीतरी जाड आणि पोकळी असलेले हवे. गवताने किंवा पेंढ्याने शाकारलेल्या घरात पाऊस ऐकू येत नाही, हे वाडीवरचे कोणीही सांगेल. शाळेत मात्र पेंढा आगीच्या भीतीने वापरता येत नाही, म्हणून बांबूच्या तट्ट्यांचे जाड माळवद हा मधला मार्ग.

आता मैफलीची तयारी. कर्जत-खोपोलीची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत, जामरुंगला विजयभूमी हे खासगी विद्यापीठ आहे. त्यांच्याही एखाद्या वर्गात हे करता येईल. पण सुरुवात आपल्या शाळेत करावी. गावातला पेटीवाला, पखवाजी, एखादा बासरीवाला, तंबोरा असलाच तर फार उत्तम. टाळ मात्र एकच जोडी ठेवावी, तीही हलक्या हाताने; बंद खोलीत दहा टाळ वाजले की दुसरे काहीच उरत नाही. वादकांना टणक भिंतीला पाठ करून बसवावे, ध्वनिक्षेपक आणू नये. खिचडी खाऊन झाल्यावर अर्धा तास पुरे. पहिल्या गाण्याला वर्ग अर्धा रिकामा ठेवावा, दुसऱ्याला पूर्ण भरावा, तिसऱ्याला खिडक्या लावून घ्याव्यात. काय बदलले ते मुलांना विचारावे आणि वादकांनाही विचारावे. खोली बदलली की वाजवणाऱ्याला ते ऐकणाऱ्याच्या आधी कळते. मोबाइलवर टाळीचा आवाज ध्वनिमुद्रित करून संगणकावर त्याचा आलेख पाहिला तर निनादकाळही अंदाजाने काढता येईल, आणि वर केलेल्या हिशेबाशी ताडून पाहता येईल.

नोंदवहीत निदान एवढे लिहावे: मुले किती होती, किती खिडक्या उघड्या होत्या, पंखा चालू होता का, बाहेर पाऊस होता का, तापमान किती होते. सबाइन यांच्याप्रमाणे कोणी स्वेटर घातले होते याची नोंद ठेवलीत, तर तीही आम्हांला कळवावी.